फक्त दोन पेग घेतले तरी माणसाचा मूड आणि वागणं का बदलतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा ४४ वर्षांचा, वजन सत्तर किलोच्या आसपास, नोकरी व्यवस्थित. आठवड्यातून तीन-चार रात्री घरीच "फक्त दोन पेग" घेतो. पहिला पेग होईपर्यंत खुशीत असतो, मुलांशी खेळतो, गप्पा मारतो. दुसरा संपला की तासाभरात एखाद्या साध्या वाक्यावरून भडकतो. पहाटे तीनला जाग येते, दुसरा दिवस मरगळलेला आणि चिडका जातो. तो काही दारुडा नाही, मग एवढ्याशा दारूने असं होतं का, आणि यावर काय करायचं?

होतं. खुशी, भडकणं, तीनची जाग आणि दुसऱ्या दिवसाची मरगळ या चार वेगळ्या तक्रारी नाहीत. दारू रक्तात चढते आणि उतरते, त्याच प्रवासातले हे चार टप्पे आहेत. मात्र तुम्ही सांगितलेल्या वेळा पाहता हे दोन पेग खरोखर दोनच आहेत का, याची मला शंका आहे. म्हणून आधी मापाकडे वळू.

माप

आपल्याकडे एक प्रमाणित ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असं धरतात. भारतात विकली जाणारी बहुतेक व्हिस्की, रम, व्होडका, जिन आणि ब्रँडी ४२.८ टक्क्यांची असते. त्यामुळे ३० मिलीच्या एका स्मॉलमध्ये जवळजवळ बरोबर १० ग्रॅम अल्कोहोल येतं. लार्ज म्हणजे ६० मिली, म्हणजे दोन ड्रिंक. क्वार्टर १८० मिलीची, म्हणजे सहा. ७५० मिलीच्या खंब्यात पंचवीस स्मॉल असतात.

बारमध्ये वेटर मापाने ओततो. घरी माणूस डोळ्यांनी ओततो, आणि रुंद तळाच्या ग्लासात डोळा हमखास फसतो. बर्फ घातला की आणखी फसतो. घरचा "एक पेग" ५०, ६०, कधी ९० मिलीचा भरतो. हे वाद न घालता तपासता येतं. त्याच ग्लासात, तो नेहमी ओततो त्या रेषेपर्यंत, त्यालाच पाणी ओतायला सांगा. मग ते पाणी खोकल्याच्या औषधाच्या १० मिलीच्या झाकणाने किंवा रेषा असलेल्या मापाने मोजा. दुसरा मार्ग बाटलीचा. रोज दोन स्मॉल घेणाऱ्याला एक खंबा बारा बैठकांना पुरायला हवा. तो सहा बैठकांत संपत असेल, तर प्रत्येक बैठकीला चार ड्रिंक होत आहेत आणि "दोन पेग" म्हणजे खरं तर दोन लार्ज आहेत.

बिअरबद्दलचा गैरसमज याहून मोठा आहे. ६५० मिलीच्या माइल्ड बाटलीत, ५ टक्के धरले तर, सुमारे २५ ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे अडीच स्मॉल. तीच बाटली ८ टक्क्यांच्या स्ट्राँगची असेल तर ४१ ग्रॅम, म्हणजे चार स्मॉल. "मी फक्त एक बिअर घेतो" म्हणणारा माणूस अशा वेळी व्हिस्कीचे दोन लार्ज रिचवत असतो, आणि तेही गार व फसफसतं असल्यामुळे भराभर. वाइनचा १५० मिलीचा ग्लास दीड स्मॉलच्या जवळ जातो. गोव्यात उन्हाळ्यात मिळणारी उर्राक ही काजूची दारू फेणीपेक्षा बरीच हलकी असते, पण ती लिंबू-सोड्याबरोबर मोठ्या ग्लासाने घेतली जाते, त्यामुळे हिशोब शेवटी तिथेच येतो. व्हिस्कीने राग येतो आणि वाइनने प्रेम, असं काही नसतं. सगळ्यांत इथेनॉल, म्हणजे पिण्याचं अल्कोहोल, तेच. फरक पडतो तो वेगाचा, मापाचा आणि बैठकीत कोण आहे याचा.

आता रक्तातली पातळी. सत्तर किलोच्या पुरुषाने रिकाम्या पोटी एक स्मॉल घेतला तर रक्तातलं अल्कोहोल १०० मिलीमागे साधारण २० मिलिग्रॅमने वाढतं. यकृत ते ताशी साधारण १५ मिलिग्रॅम या जवळपास ठरलेल्या गतीने काढून टाकतं. ही गती वाढवता येत नाही. काळी कॉफी, लिंबू सरबत, ताक, गार पाण्याची अंघोळ, उलटी काढणं, कशानेही नाही. कॉफीने झोप उडते, दारू उतरत नाही. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यामुळे तेवढ्याच मापाला पातळी जास्त चढते. ५५ किलोच्या स्त्रीला एका स्मॉलने ३० च्या वर जाता येतं. साठीनंतर पुरुषांचंही असंच होतं. तरुणपणी पचणारं माप तेव्हा जड जातं आणि घरच्यांना वाटतं की स्वभावच बदलला.

हे आकडे ढोबळ आहेत, माणसागणिक पुढेमागे होतात. पण तुमच्या प्रश्नाला लावून बघा. दोन खरे स्मॉल नऊ ते दहा या वेळेत घेतले तर दहाला पातळी २५ ते ३० च्या घरात असेल आणि मध्यरात्रीपर्यंत रक्त जवळजवळ साफ. त्याने तीनची जाग यायचं फारसं कारण नाही. तेच दोन लार्ज दहा ते अकराच्या दरम्यान घेतले, तर अकराला पातळी ७० च्या आसपास आणि ती शून्यावर यायला पहाटेचे साडेतीन-पावणेचार. जागेची वेळ इथे जुळते. माझी शंका यातून आली.

पहिल्या अर्ध्या तासातली खुशी

दारू पोटातून थोडी आणि लहान आतड्यातून भरपूर शोषली जाते. रिकाम्या पोटी पातळी अर्ध्या-पाऊण तासात शिखरावर पोहोचते, जेवणावर घेतली तर दीड तासही लागतो आणि शिखरही बरंच खाली राहतं. पातळी चढत असताना मेंदूतलं डोपामिन हे सुखाची भावना देणारं रसायन आणि शरीराची स्वतःची अफूसारखी रसायनं वाढतात. माणूस मोकळा होतो, आवाज थोडा वर जातो, हात जास्त हलतात, समोरचा आवडायला लागतो. त्याच वेळी गाबा नावाचं मेंदूला शांत करणारं रसायन जास्त जोरात काम करतं आणि ग्लुटामेट हे चेतवणारं रसायन दबतं. त्यामुळे छातीवरचा ताण उतरतो. ही खुशी खरी असते, ते सोंग नव्हे. नवऱ्याला "नाटक करू नकोस" म्हणू नका, त्याला त्या क्षणी तसंच वाटत असतं.

पण ही खुशी चढणीची आहे. शिखर ओलांडून पातळी उतरायला लागली की तीच दारू उलटं वागते. सुस्ती, जडपणा, कंटाळा, चिडचिड. पिणाऱ्याला हे उतरणं आवडत नाही आणि तो पहिल्या अर्ध्या तासाला परत गाठायला पुढचा पेग ओततो. तो अर्धा तास परत मिळत नाही, कारण आता पातळी आधीच वर आहे आणि मेंदू तिला थोडा सरावलेला आहे. दुसऱ्या, तिसऱ्या पेगने खुशी फारशी वाढत नाही. वाढते ती धुंदी आणि उताराची लांबी. मूडसाठी पिणाऱ्याने एवढी एक गोष्ट समजून घेतली तरी पुष्कळ झालं. जे काही सुखद मिळायचं ते पहिल्या एका स्मॉलमध्ये जवळपास मिळून जातं.

आणखी एक फसवणूक उतारावर होते. पातळी खाली येत असताना माणसाला "उतरली" असं लवकर वाटतं. बोलणं सुधारतं, तोल सुधारतो, पण निर्णय घेण्याची आणि स्वतःच्या चुका पकडण्याची क्षमता मागे रेंगाळते. गाडीची चावी घेतली जाते ती याच वेळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सत्तर किलोच्या माणसाने अर्ध्या तासात घेतलेले दोन स्मॉल रिकाम्या पोटी ही मर्यादा ओलांडू शकतात. "दोन पेगमध्ये काही होत नाही" हे कायद्याच्या हिशोबानेही खरं नाही.

भडकणं कुठून येतं

दारूने माणसाचा खरा स्वभाव बाहेर येतो, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मला हे पटत नाही, आणि घरातल्यांना त्याने विनाकारण जखमा होतात. थोड्या दारूने होतं ते असं की लक्ष आकुंचन पावतं. १९९० मध्ये क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी हे सविस्तर मांडलं. अंधारात टॉर्च मारल्यावर जेवढं उजेडात येतं तेवढंच दिसावं, तसं प्यायलेल्या माणसाला समोरचं आणि आत्ताचं तेवढंच दिसतं. बाकी सगळं, म्हणजे उद्याचा दिवस, समोरच्याची बाजू, कालची माफी, मुलं बाजूच्या खोलीत आहेत ही जाणीव, ते त्या क्षणी त्याच्या डोक्यात नसतं.

यातून बरंच काही उलगडतं. मित्रांच्या बैठकीत समोर विनोद असतो, म्हणून तोच माणूस तिथे दिलदार वाटतो. बाल्कनीत एकटा बसला तर समोर स्वतःचेच विचार असतात, म्हणून उदास होतो, रडतो, जुने हिशोब काढतो. टीव्हीवर मॅच चालू असेल तर चिंता तात्पुरती गायब होते. काहीच चालू नसेल तर तीच चिंता दुप्पट होते. आणि घरी, स्वयंपाकघरातून "उद्या फी भरायची शेवटची तारीख आहे" एवढं एक वाक्य आलं, तर ते वाक्य त्याच्या डोक्यातली सगळी जागा व्यापतं. एरवी तो त्या वाक्यात तुमची काळजी ऐकेल, पगाराची तारीख आठवेल, "बघतो" म्हणेल. त्या वेळी त्याला फक्त "तू कमी पडतोस" एवढंच ऐकू येतं.

म्हणून पैशांचा, सासरमाहेरचा, मुलांच्या मार्कांचा विषय त्याने ग्लास हातात घेतल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत काढू नका. तुमचं चुकतं म्हणून नव्हे. त्या वेळी झालेली चर्चा अर्ध्याच डोक्याने होते आणि सकाळी त्यातलं त्याच्या लक्षात राहतो तो फक्त कडवटपणा. त्याच्यासाठीही तोच नियम: पिऊन फोनवर कोणाला जाब विचारायचा नाही, ग्रुपवर लिहायचं नाही, पैशांचे शब्द द्यायचे नाहीत.

भूक हे दुसरं कारण, आणि त्याकडे कोणी बघत नाही. साडेआठला बसलेला माणूस साडेअकराला जेवतो. मध्ये खारे शेंगदाणे, फरसाण, चकली. खारटाने तहान लागते, तहान दारूने भागवली जाते आणि वेग वाढतो. शिवाय दारू यकृताला साखर तयार करण्यापासून रोखते. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, हात थरथरणं, विचित्र चिडणं, असंबद्ध बोलणं ही त्याची लक्षणं आणि ती हुबेहूब "चढली" असल्यासारखी दिसतात. अशा माणसाला झोपू द्यायचं नाही. ग्लुकोमीटरने साखर बघायची. ७० च्या खाली असेल तर, माणूस शुद्धीवर आणि गिळू शकत असेल तर, तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायची आणि मग जेवायला द्यायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता थेट रुग्णालय.

तिसरं कारण अपेक्षेचं. १९७३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लॅट यांनी केलेल्या प्रयोगात काहींना व्होडका घातलेलं टॉनिक वॉटर (कडसर सोडा) असं सांगून नुसतं टॉनिक वॉटर दिलं आणि काहींना नुसतं टॉनिक वॉटर सांगून व्होडका घातलेलं. ज्यांना आपण दारू पितोय असं वाटत होतं त्यांनी जास्त प्यायलं, ग्लासात खरं काहीही असो. नंतर अशाच पद्धतीच्या प्रयोगांत दिसत गेलं की हात-पाय आणि प्रतिक्रिया मंदावणं हे खऱ्या दारूचं काम, पण मोकळं सुटण्यात "आता मी प्यायलोय" या कल्पनेचाही वाटा असतो. ज्या घरात, ज्या मित्रमंडळात प्यायल्यावर आरडाओरडा चालतो, तिथे तो होतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दारूने लक्ष आकुंचन पावतं, पण हात उगारायला ती कोणाला लावत नाही. घरी बायकोवर हात टाकणारा माणूस त्याच पातळीवर नाक्यावरच्या पोलिसासमोर नीट उभा राहतो. म्हणजे आवर घालण्याची क्षमता शिल्लक असते. मारहाण, धमकी, वस्तू फेकणं असं काही होत असेल तर तो दारू कमी करण्याचा प्रश्न राहत नाही, तुमच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेचा होतो. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीसाठी ११२. खाली लिहिलेले उपाय त्यानंतरचे.

तीनची जाग आणि दुसरा दिवस

दारूने झोप लवकर लागते, म्हणून ती झोपेचं औषध वाटते. पहिल्या तीन-चार तासांत स्वप्नांची झोप दबते. नंतर पातळी शून्याकडे गेली की मेंदू उलट दिशेने झेपावतो: दबलेलं ग्लुटामेट उसळतं, गाबाचा आधार सुटलेला असतो. छातीत धडधड, घाम, तोंड कोरडं, भडक स्वप्नं आणि टक्क जाग. त्यात लघवीला उठणं आलंच. पहाटे तीनला येणारी ती अनामिक धास्ती, "काहीतरी वाईट होणार" ही भावना बऱ्याच अंशी रसायनांची असते. मनात मात्र ती कर्ज, नोकरी, आईचं आजारपण यांना चिकटते आणि माणसाला वाटतं की चिंतेमुळेच जाग आली.

दुसऱ्या दिवशी झोप अपुरी, मेंदू अजून चेतलेला, म्हणून सहनशक्ती कमी. डोकं दुखत नसलं, ज्याला आपण हँगओव्हर म्हणतो तसं काही नसलं, तरी हे असतं. आठवड्यातून चार रात्री पिणाऱ्याचा जवळजवळ प्रत्येक दिवस एकतर चढणीवर किंवा उतारावर जातो. दारूविना साधा दिवस कसा असतो, हे तो विसरलेला असतो. संध्याकाळी सात वाजता वाटणारी अस्वस्थता ही कालच्या दारूची असते आणि तिच्यावर आजची दारू लगेच उतारा देते. त्याला प्रामाणिकपणे वाटतं की मी टेन्शनमुळे पितो. त्याला खोटारडा ठरवू नका. त्याने जे पाहिलंय त्यावरून त्याचा निष्कर्ष बरोबर वाटण्यासारखाच आहे. तो चुकीचा आहे हे दाखवायला एकच साधन आहे, ते म्हणजे चार आठवड्यांची सुट्टी.

चार आठवडे

हे सुरू करण्याआधी एक अट. रोज पिणारा, सकाळी हात थरथरणारा, उठल्या उठल्या लागणारा, किंवा पूर्वी बंद केल्यावर झटके आलेला माणूस असेल तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. बंद केल्यावर साधारण सहा तासांपासून थरथर, घाम, उलट्या सुरू होतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, भास, ज्वर अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. गटारीला भरपूर पिऊन दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळणाऱ्यांमध्ये हा धोका खरा आहे. ज्यांना "श्रावणात मला पहिले चार दिवस त्रास होतो, मग बरं वाटतं" असा अनुभव येतो, त्यांनी त्या चार दिवसांना उपवासाचा त्रास न समजता डॉक्टरांना सांगावं. अशांना औषधांखाली, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देऊन, नीट सोडवता येतं.

आठवड्यातून तीन-चारदा दोन ते चार ड्रिंक घेणाऱ्याला बहुधा हा त्रास होत नाही. त्याच्यासाठी श्रावण ही उत्तम संधी आहे. महिनाभर न पिण्याचं कारण मित्रांना समजावत बसावं लागत नाही, आग्रह होत नाही. श्रावण लांब असेल तर कुठलाही महिना चालेल.

आधीचे दोन आठवडे पिणं आहे तसं ठेवून फक्त नोंद करायची. नवऱ्याने स्वतः करायची, तुम्ही नव्हे, नाहीतर ती हेरगिरी होते. सुरुवातीची वेळ, मिली, आधी काय खाल्लं, बसण्यापूर्वीचा मूड दहापैकी किती, अर्ध्या तासाने किती, दोन तासांनी किती, आणि सकाळी उठल्यावर किती. एक ओळ पुरते. साधारण आठ नोंदी झाल्या की उतार कागदावर दिसायला लागतो: अर्ध्या तासाचा आकडा वर आणि सकाळचा आकडा बसण्यापूर्वीच्या आकड्याच्याही खाली.

मग चार आठवडे शून्य. पहिला आठवडा वाईट जातो. झोप उशिरा लागते, संध्याकाळी हात रिकामे वाटतात, चिडचिड वाढल्यासारखी वाटते. बरेचजण इथेच म्हणतात, "बघ, न पिताच मी जास्त चिडतो." तो आठवडा मोजायचा नाही. बसायच्या वेळेला, म्हणजे साडेआठला, जेवण ठेवा. भरल्या पोटी ओढ कमी होते. ओढ आली की ती पंधरा-वीस मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ घराबाहेर एक चक्कर मारली तरी चालते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात झोप सलग होते. चौथ्याच्या शेवटी तीच दहापैकी नोंद पुन्हा आठवडाभर करा.

आता दोन शक्यता. उदासी, चिडचिड, तीनची जाग गेली असेल तर ती दारूची होती आणि हे आता त्याने स्वतः पाहिलं आहे. चार आठवडे पूर्ण कोरडे जाऊनही उदासी तशीच असेल, कशात रस नसेल, भूक-झोप बिघडलेली असेल, तर ते स्वतंत्र नैराश्य आहे आणि त्यावर उपचार हवेत. दारू चालू असताना हा फरक करणं मानसोपचारतज्ज्ञालाही अवघड जातं, म्हणून हा महिना उपचाराच्या दृष्टीनेही कामाचा आहे. मरणाचे विचार बोलून दाखवत असेल तर मात्र महिना थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. प्यायलेल्या अवस्थेत बोललेलं "मी जातो मरतो" हे नशेतलं म्हणून सोडून देऊ नये. आवर सुटलेला असताना असा विचार कृतीत उतरायला वेळ लागत नाही.

पुन्हा सुरू करायचं ठरलं तर

न पिणं हेच सर्वांत सुरक्षित. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये आरोग्यासाठी सुरक्षित असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही, असं स्पष्ट सांगितलं. थोडी दारू हृदयाला चांगली, ही जुनी समजूत ज्या अभ्यासांवर उभी होती त्यांतल्या अनेकांत आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही "न पिणाऱ्यांत" मोजले गेले होते. तुलनेसाठी सांगतो, ब्रिटनने २०१६ मध्ये आठवड्याला १४ युनिटची मर्यादा सांगितली. त्यांचं युनिट ८ ग्रॅमचं, म्हणजे आपले साधारण अकरा स्मॉल, आणि तेही तीन किंवा जास्त दिवसांत विभागून. दोन लार्ज आठवड्यातून चारदा म्हणजे सोळा स्मॉल होतात.

तरीही घ्यायचीच असेल तर मूड सांभाळण्यासाठी मी हे सांगेन. ३० मिलीचं धातूचं माप विकत आणा आणि त्याशिवाय ओतू नका. आधी पोटात प्रथिनं आणि तेलतुपाचं काहीतरी असू द्या: भाकरी-पिठलं, उकडलेली अंडी, पनीर, मासे. तासाला एक स्मॉल, त्यापेक्षा वेग नको. प्रत्येकानंतर एक ग्लास पाणी. पाण्याने पातळी उतरत नाही, पण हात गुंतून राहतो आणि वेग कमी होतो. एकूण दोन स्मॉल, आणि शेवटचा झोपेच्या तीन तास आधी संपलेला. सलग दोन दिवस नाही. ग्लास रिकामा झाल्याशिवाय पुन्हा भरायचा नाही, कारण अर्ध्या ग्लासात वरून ओतलं की मोजणी संपली.

आणि सर्वांत महत्त्वाचं: रागात, भांडणानंतर, वाईट बातमी आल्यावर किंवा झोप येत नाही म्हणून घ्यायची नाही. बसताना मनात जे असतं त्याच्यावरच दारू लक्ष खिळवते. चांगल्या दिवशी दोन स्मॉल बहुतेक वेळा निभावतात, वाईट दिवशी एकही निभावत नाही.

औषधं तपासा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम यांसारख्या झोपेच्या व चिंतेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल, प्रीगाबालिन या वेदनेवरच्या गोळ्या यांबरोबर एक स्मॉलही नको. झोप, विस्मरण आणि श्वास तिन्ही बिघडतात. सर्दीच्या गोळीतलं सेटिरिझिनसुद्धा गुंगी वाढवतं. जंतुसंसर्गावरच्या मेट्रोनिडाझोलच्या कोर्समध्ये दारू बंद. नैराश्याची गोळी चालू असेल तर गोळी चुकवून दारू पिण्याची जी पद्धत लोक वापरतात ती दुहेरी नुकसान करते, कारण गोळी चुकवल्यानेही चिडचिड आणि चक्कर येते. गोळीच्या बाबतीत डॉक्टरांना खरं माप सांगा.

तज्ज्ञाकडे कधी जायचं हे ठरवायला तीन प्रश्नांची एक चाचणी वापरतात. किती वेळा पिता: महिन्यातून एकदा किंवा कमी १, महिन्यातून दोन ते चार वेळा २, आठवड्यातून दोन-तीनदा ३, चार किंवा जास्त वेळा ४ गुण. एका बैठकीत किती ड्रिंक: एक-दोन ०, तीन-चार १, पाच-सहा २, सात ते नऊ ३, दहा किंवा जास्त ४. सहा किंवा जास्त ड्रिंक एकाच बैठकीत किती वेळा: कधीच नाही ०, महिन्यातून एकदाहून कमी १, दर महिन्याला २, दर आठवड्याला ३, जवळजवळ रोज ४. पुरुषांत ४ आणि स्त्रियांत ३ गुण झाले की सविस्तर तपासणी हवी. तुमच्या वर्णनावरून नवऱ्याचे ४ ते ५ होतात, आणि महिन्यातून एखादी मोठी पार्टी असेल तर ६-७. याचा अर्थ तो व्यसनी आहे असा नाही. बोलून घेण्याची वेळ आली आहे, एवढाच.

त्याला मोठ्या केंद्रात भरती व्हावं लागेल ही भीती बहुतेकांना अडवते. या टप्प्यावर भरती लागत नाही. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार भेटींत बोलून घेतलं. तीन महिन्यांनी त्यांतले ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. काही भेटींचं बोलणं एवढं काम करतं. फोनवरून सुरुवात करायची तर मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६. दोन्ही सरकारी आणि मोफत. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतं आणि तिथे घरच्या माणसांशीही बोलतात. नवरा येत नसेल तरी तुम्ही एकट्या जाऊ शकता.

बोलायला दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ निवडा, तो न प्यायलेला आणि जेवलेला असताना. "तू फार पितोस" या वाक्याने सुरुवात केली की चर्चा मापावर जाते आणि तिथे तो जिंकतो, कारण त्याच्या हिशोबात ते दोनच पेग आहेत. जे घडलं ते वारासकट सांगा: "मंगळवारी तू साडेदहाला धाकट्यावर ओरडलास, तो रडत झोपला, आणि सकाळी तूच मला विचारलंस की तो बोलत का नाही." मग तीनच्या जागेबद्दल विचारा, कारण तो त्रास त्याचा स्वतःचा आहे आणि त्यावर तो बोलेल. पाणी मोजण्याचा प्रयोग त्याच संध्याकाळी करून टाका.